काम सोडून काहीही मागा

धर्मेंद्र सागमळीला दगड उचलायला आला होता, आणि आल्यापासून त्याला कुणी साधा खडासुद्धा उचलू दिला नव्हता.

नाल्याच्या काठावर मोहाच्या झाडाखाली त्याच्यासाठी खाट टाकली होती. खाटेवर कोरी सतरंजी, तिच्यावर फुलाफुलांची चादर, उशाशी तांब्याभर पाणी, आणि पायथ्याशी त्याचे बूट, तेही कुणीतरी पुसून ठेवलेले. समोर सगळं गाव आणि बऱ्हाणपूरहून आलेली पोरं मिळून नाल्यावर रपटा बांधत होती. रपटा म्हणजे बुटका पूल. खालून सिमेंटचे मोठे पाइप, वर काँक्रीटची फरशी; पूर आला की पाणी त्याच्यावरून जातं, ओसरलं की रस्ता मोकळा. एवढंही या गावाच्या नशिबी आजवर नव्हतं. पावसाळ्यात नाला भरला की सागमळी तुटायची, आणि पाणी उतरेपर्यंत वरचा माणूस वर, खालचा खाली.

असीरगडच्या मागं, जंगलाची चौकी ओलांडून डोंगरात चढत गेलं की हे गाव लागतं. खालच्या तापीकाठच्या गावांतली काही शेतकरी घरं कधीकाळी इथं येऊन राहिली. कापूस, तूर पिकवतात, आणि आपल्या रीतीभाती खालच्यांपेक्षा जास्त घट्ट धरून आहेत. निरंजन सर म्हणून बऱ्हाणपुरात एक शिक्षक आहेत. दर थंडीत ते आपल्या मंडळाची पंधरा-वीस पोरं गोळा करून असल्या एखाद्या गावात तीन दिवस श्रमदानाला नेतात. या वर्षी त्यांनी सागमळीचा रपटा घेतला, आणि धर्मेंद्रनं कधी नव्हे ते स्वतःहून आपलं नाव दिलं. सरांना आनंद झाला. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत, की सागमळी ही याची सासुरवाडी आहे, आणि याची बायको तृप्ती श्रावणापासून तिथंच येऊन बसली आहे.

आता बायको माहेरी निघून गेली तर नवऱ्यानं सरळ जाऊन तिला घेऊन यावं. पण सरळ काही करणं धर्मेंद्रच्या स्वभावातच नाही. बऱ्हाणपुरात शनवारा दरवाजाजवळ त्याचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे. केळीवाले शेतकरी त्याला चांगला माणूस म्हणतात, कारण तो कुणाला नाही म्हणत नाही. हो पण म्हणत नाही. तो म्हणतो, "बघू." उधारीला बघू, वर्गणीला बघू, आईला बघू आणि बायकोलाही बघू. या एका शब्दावर त्याचं आयुष्य बिनबोभाट चाललं होतं.

श्रावणात तृप्तीची आई तापानं फणफणली. तृप्तीच्या वडिलांनी टेकडीवर चढून, रेंज मिळेल तिथून फोन केला. तृप्ती म्हणाली, मला नेऊन सोडा. घरात धर्मेंद्रच्या बहिणीच्या सासरची माणसं यायची होती. त्याच्या आईनं, मालतीबाईंनी, सांगितलं की पाहुणे जाऊ देत, मग जा. तृप्तीनं नवऱ्याकडे बघितलं. नवरा म्हणाला, "बघू. नाल्याचं पाणी तर उतरू दे." दुसऱ्या दिवशी तिनं परत विचारलं, परत बघू. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलंच नाही. सकाळी सगळ्यांचा चहा गाळून, झाकून ठेवून ती एकटीच निघून गेली.

आई बरी झाली, तृप्ती मात्र परतली नाही. फोनवर तिनं एकच गोष्ट विचारली: तुमच्या घरात मी बसलेली तुम्ही कधी पाहिली का, तेवढं आठवून सांगा, म्हणजे येते. धर्मेंद्रनं खरंच आठवून बघितलं. उभी असलेली आठवली, वाकलेली आठवली, पळत जिना चढणारी आठवली. बसलेली काही आठवेना. मग माणसाला उत्तर सापडलं नाही की जे होतं तेच झालं, त्याला राग आला. आईसमोर तो बोलून गेला, की सागमळीत मी पाय ठेवणार नाही, यायचं तर तिनं यावं.

दिवाळी तशीच गेली. घर खायला उठलं. मालतीबाईंनाही सुनेची किंमत कळायला लागली होती, पण त्याही बोलणाऱ्यांतल्या नव्हेत. मग श्रमदानाची गोष्ट कानावर आली, आणि धर्मेंद्रला वाट सापडल्यासारखं झालं. सासुरवाडीला जायचं नव्हतं, समाजकार्याला जायचं होतं. तिच्या गावाचा पूल बांधायचा, तिच्यासमोर दगड वाहायचे, हाताला फोड आणायचे. ती बघेल, विरघळेल, आणि परतीच्या पिकअपमध्ये येऊन बसेल. जे बोलायचं ते दगडांनी बोलावं, असा त्याचा एकंदर बेत होता. जावयाला सासुरवाडीत कुणी दगड उचलू देत नसतं, एवढी पोरासोरांना ठाऊक असलेली गोष्ट या बेतात त्याच्या ध्यानात आली नाही. ती चूक असला जावईच करू जाणे.

पिकअप नाल्याकाठी थांबली आणि हा डोक्याला पंचा गुंडाळून उतरला, तेव्हा त्याचे सासरे चुडामण पाटील फावड्यानं रेती ओढत होते. त्यांनी याला बघितलं. फावडं खाली ठेवलं, नाल्याच्या पाण्यात हात धुतले, झाडाला अडकवलेली टोपी घातली आणि पुढं आले. कसे आलात, इतक्या दिवसांनी कसे आलात, एकटे कसे, यातलं काहीही त्यांनी विचारलं नाही.

"या, जावईबापू. रस्त्यानं तरास तं नाही झाला?"

"मामा, मी कामाला आलोय. मंडळाबरोबर."

"काम आमी करू ना. तुमी बसा."

तेवढ्यात खाट आलीसुद्धा. धर्मेंद्रनं एक घमेलं उचललं होतं, ते एका माणसानं हसत हसत त्याच्या हातातून काढून घेतलं. त्यानं फावड्याला हात घातला, दुसऱ्यानं तेही नेलं. निरंजन सरांना कळलं तेव्हा ते मोठ्यानं हसले, म्हणाले की मग तर तुम्ही आमचे यजमानच झालात. पोरांना तर आयतंच मिळालं. "भैया, तुम तो व्हीआयपी निकले," असं म्हणत एकानं खाटेवरच्या धर्मेंद्रचा फोटोही काढून घेतला.

दुपारी सासऱ्यांच्या घरी पाट मांडून त्याला एकट्याला वाढलं. खापरावरचे मांडे, वर दूध-तूप. सासू, आशाबाई, कपाळापर्यंत पदर ओढून दाराआड उभ्या राहिल्या. जावयाचं नाव घ्यायचं नाही आणि त्याच्याशी समोरून बोलायचं नाही, ही त्यांची रीत. त्या भिंतीशी बोलल्यासारखं बोलायच्या, "जावईबापूंना विचारा, मांडा वाढू का." घरात दुसरं कुणीच नसायचं, तरी विचारा म्हणायच्या. तापातून उठलेली बाई, हात अजून बारीक दिसत होते. धर्मेंद्रला वाटलं होतं ही बाई टोचून बोलेल. तिनं आणखी एक मांडा वाढला.

हात धुतल्यावर चुडामण पाटील समोर येऊन उकिडवे बसले आणि म्हणाले, "काय पाहिजे, जावईबापू?"

हे नुसतं विचारायचं म्हणून विचारणं नव्हतं. सागमळीची ती चाल आहे. जावई घरी जेवला, की घरच्या मोठ्यानं त्याला काय पाहिजे विचारायचं, आणि तो मागेल त्याला नाही म्हणायचं नाही. कुणी गोऱ्हा मागून नेला आहे, कुणी आंब्याची कलमं, कुणी नुसती गोधडी. आणि घरात लेक रुसून येऊन राहिलेली असली, तर जावई तिलाच मागतो. "तुमची लेक न्यायला आलोय," एवढं म्हणायचं. मग मागचं कुणी उकरून काढत नाही, लेक पिशवी घेऊन बाहेर येते, आणि सगळं गाव दोघांना वेशीपर्यंत पोचवायला जातं. त्यानं मागेपर्यंत मात्र घरच्यांनी विषय काढायचा नाही आणि लेकीनं त्याच्याकडे बघायचं-बोलायचं नाही. लग्नाच्या वेळी तृप्तीनंच त्याला हे सगळं हसत सांगितलं होतं. तेव्हा त्याला या रीतीची गंमत वाटली होती.

म्हणजे धर्मेंद्रला काय बोलायचं ते अगदी पक्कं माहीत होतं. वाक्यही मोठं नव्हतं. पण ते म्हणायचं म्हणजे आधी कबूल करायचं, की ती माझ्यामुळे गेली. ओट्यावर गावातले चार जण बसले होते, दारात निरंजन सर जेवणाचं विचारायला येऊन उभे होते.

"मला काम द्या, मामा," तो म्हणाला. "बाकी काही नको."

"काम सोडून काईबी मागा," चुडामण पाटील शांतपणे म्हणाले. "जवरोक तुमी आमचे जावई आहात, तवरोक तुमच्या हातानं काम नाही होणार. दुसरं काईबी मागा. जे मागसान ते."

"बघू," धर्मेंद्र म्हणाला.

पुन्हा खाट. उन्हं कलती झाली तशी खाट कुणीतरी सावलीत सरकवली, त्याच्यासकट. तो उठून नाल्याकडे दोन पावलं गेला की लगेच कुणीतरी काय पाहिजे विचारत धावत यायचं. परसाकडे जायला निघाला तर एक जण पाण्याचं टमरेल घेऊन पुढं चालायला लागला. धर्मेंद्रनं ते मागितलं, त्यानं दिलं नाही. शेवटी झुडपापाशी ते खाली ठेवून तो माणूस पाठ करून अदबीनं उभा राहिला. इतकी फजिती त्याची आयुष्यात झाली नव्हती, आणि तक्रार कशाची करायची हेही कळत नव्हतं. एकानं जरी शिवी दिली असती तरी त्याला सुटल्यासारखं वाटलं असतं. पण मान देणाऱ्याशी भांडता येत नाही. तो मान त्याच्याभोवती चहूबाजूंनी असा काही आवळला होता, की कुठून निसटावं ते सापडत नव्हतं.

आणि समोर तृप्ती काम करत होती. बायांच्या रांगेत ती मधेच होती. डोक्याला टॉवेल बांधलेला, जुन्या साडीवर वडिलांचा शर्ट चढवलेला. खडीचं घमेलं डोक्यावर घेऊन ती उतरायची, ओतायची, रिकामं घेऊन चढायची. जाता-येता खाट वाटेत यायची. तिनं एकदाही मान वळवली नाही. धर्मेंद्र फुलाफुलांच्या चादरीवर बसून बायकोला ओझी वाहताना बघत होता, आणि त्याला राहून राहून वाटत होतं, की हे आपण आधी कुठंतरी बघितलं आहे. कुठं, ते आठवायला त्याला फार वेळ लागला नाही. रविवारी दुपारी, आपल्याच घरात, सोफ्यावरून. तेव्हा काही वाटलं नव्हतं. आता त्याला तिथून उठून पळावंसं वाटत होतं, आणि उठता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चुलतसासऱ्यांकडे न्याहारी, तिसऱ्या घरी जेवण, चौथ्या घरी चहा आणि गोड दराबा. जावयानं गावातलं एक घर टाळलं तर ते घर वर्षभर दुखावतं. वरणबट्टी झाली, वांग्याचं भरीत झालं, शेवेची भाजी झाली. प्रत्येक घरी हात धुतल्यावर तोच प्रश्न. काय पाहिजे, जावईबापू? प्रत्येक घरी धर्मेंद्रचं तेच उत्तर, काम द्या, आणि प्रत्येक घरी तेच हसणं, की काम सोडून काहीही मागा. दर वेळी त्याला वाटायचं, या घरी म्हणून टाकू. दर वेळी कुणीतरी नवं माणूस बसलेलं असायचं, आणि त्याला वाटायचं, पुढच्या घरी.

खाली जावं म्हटलं तर गाडी नव्हती. पिकअप सिमेंट आणायला गेली होती ती तिसऱ्या दिवशी येणार होती. फोन करावा म्हटलं तर रेंज नव्हती. टेकडीवर जावं म्हटलं तर बरोबर दोन माणसं आणि एक छत्री.

त्याला एकटं वाटू नये म्हणून भिकनबाबांना त्याच्या खाटेशी बसवलं होतं. भिकनबाबा गावातले सगळ्यात जुने. कामाचं वय गेलेलं, तोंड मात्र तरुण. त्यांना कुणी सांगितलं नसावं, की जावयासमोर काय बोलायचं नाही, किंवा सांगितलं असेल आणि त्यांनी ऐकलं नसेल. रपट्याकडे बोट दाखवत ते म्हणाले, की गावानं हा बांधायचा ठरवला तो श्रावणात, आपली तृप्ती उतरून आली त्या दिवशी.

"उतरून म्हणजे?" धर्मेंद्रनं विचारलं.

"म्हणजे नाल्यातून. पानी इथपर्यंत होतं." भिकनबाबांनी आपल्या छातीला हात लावला. "आमी इकून वरडत होतो, नको येऊ, नको येऊ. पोरीनं चप्पल कमरेला खोसली अन् घुसली. मधी पाय सुटला तिचा. चुडामणनं दोर फेकला तं सापडली. वर आली तं बापाले काय म्हने, मायचा ताप उतरला का."

ती कशी गेली असेल, हे धर्मेंद्रनं इतक्या महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं. तो धरून चालला होता, की बस मिळाली असेल, पाणी उतरलं असेल. पाणी उतरू दे म्हणणारा तोच होता. त्याला लाज वाटली. ती मधेच सुटली असती तर, हा विचार मनात आला आणि त्यानं खाटेची कड घट्ट धरली. भिकनबाबा शेजारी बिडी शिलगावत होते. हे सगळं आत्ता उठून, नाल्यात उतरून, तिच्यासमोर उभं राहून सांगावं असं त्याला वाटलं. तो उठलाही. लगेच दोघं धावत आले, काय पाहिजे, जावईबापू?

"पाणी," तो म्हणाला, आणि खाली बसला.

त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर चुडामण पाटलांनी परत विचारलं. या वेळी ओट्यावर कुणी नव्हतं. त्यांनी मुद्दामच कुणाला बसू दिलं नसावं. आत भांड्यांचा आवाज थांबला होता. दाराआड आशाबाईंचा पदर दिसत होता, आणि त्यांच्यामागं आणखी कुणीतरी उभं होतं.

"काय पाहिजे, जावईबापू? आता तं उद्याचा एकच दिवस राह्यला."

आता म्हणावं, हीच वेळ, हे धर्मेंद्रला कळत होतं. पण भिकनबाबांकडून ऐकलेल्या त्या पाण्यानं त्याला इतकं लहान करून टाकलं होतं, की ते वाक्य तोंडात धरायचीही त्याला आपली लायकी वाटेना. तिला मागायचं कुठल्या तोंडानं? आधी काहीतरी करून दाखवलं पाहिजे. दोन घमेली तरी, चार दगड तरी. मग मागू. पुन्हा दगडांनीच बोलावं, असं त्याच्या मनानं घेतलं. लाजलेल्या माणसाचं डोकं असंच चालतं. जे समोर ठेवलंय ते सोडून ते लांबच्या वाटेनं जातं.

"उद्या तरी मला काम द्या, मामा," तो म्हणाला. "मी पाया पडतो तुमच्या."

चुडामण पाटील उठले. आत पुन्हा भांडी वाजायला लागली.

तिसऱ्या दिवशी फरशीचं काँक्रीट होतं. पिकअप सिमेंट घेऊन आली, मिक्सर ट्रॅक्टरच्या मागं बांधून आणला होता. काँक्रीट एकदा सुरू झालं की थांबवत नाहीत. थांबलं तर जोड पडतो, आणि पहिल्या पुराचं पाणी त्या जोडातूनच शिरतं. मिक्सरपासून नाल्यापर्यंत माणसांची रांग लागली, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात घमेली द्यायची. माणसं कमी पडत होती. रांगेत मधे अंतर पडायचं, तिथला माणूस घमेलं घेऊन चार पावलं पळायचा. तृप्तीच्या पुढचीच जागा रिकामी होती. ती पळत होती.

धर्मेंद्रनं खाटेवरून बघितलं, आणि तीन दिवसांचं सगळं एकदम वर आलं. तो अनवाणी उतरला आणि तरातरा रांगेपाशी गेला. दोघं आडवे आले, त्यांना त्यानं बाजूला सारलं.

"मला जावई समजू नका," तो ओरडला. सगळ्या नाल्यात ऐकू गेलं. "अजिबात समजू नका. मी तुमचा जावई नाही. इथं मी मजूर आहे. मला काम द्या."

मिक्सर फिरत होता. त्याला वाटलं, आपण फार मोठं काहीतरी बोललो, पहिल्यांदाच बघू सोडून काहीतरी बोललो. आणि ते खरंही होतं. चुडामण पाटलांनी टोपी काढली, घाम पुसला आणि टोपी परत न घालता खांद्यावर टाकली. त्यांनी लेकीकडे बघितलं.

तृप्तीनं तीन दिवसांत पहिल्यांदा त्याच्याकडे मान वळवली. तिच्या हातात भरलेलं घमेलं होतं. ती क्षणभर तशीच उभी राहिली, मग ते तिनं त्याच्यापुढं धरलं.

"घ्या," ती म्हणाली.

त्यानं घेतलं. ते त्याला वाटलं होतं त्याहून जड होतं, आणि त्याला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. तो रिकाम्या जागी उभा राहिला, घमेलं पुढं दिलं, दुसरं घेतलं. आता कुणी धावत आलं नाही. कुणी हातातून काही काढून घेतलं नाही. उलट एक जण म्हणाला, "धर्मेंद्रभाऊ, जरा जवळ सरका." मिक्सरजवळून चुडामण पाटलांचा आवाज आला, "अरे धर्मेंद्र, पाय रुंद ठेव, नाहीतं कंबर धरंल." तो हसला. आपण यांच्यातले झालो, असं त्याला वाटलं. मधेच त्यानं वर बघितलं तर मोहाखालची खाट दोघं जण उचलून घराकडे नेत होते, चादर घडी करून वर ठेवलेली.

दुपारी रांग दोन तुकड्यांत जेवायला सुटली. एक तुकडी जेवायची, दुसरी काम चालू ठेवायची. धर्मेंद्र हात धुऊन सवयीनं सासऱ्यांच्या घराकडे निघाला, तर निरंजन सरांनी हाक मारली, की इकडे, आपली पंगत इकडे आहे. मंडळाची पोरं झाडाखाली जमिनीवर बसली होती. तोही बसला. पानावर कळण्याची भाकर आणि पिठलं आलं. वाढायला गावातल्या बाया होत्या, त्यांत आशाबाई होत्या. त्या रांगेनं वाढत त्याच्यापर्यंत आल्या. त्यांचा पदर खांद्यावर होता. डोकं उघडं, केस पिकलेले. त्यांचे केस पिकलेले आहेत हे त्यानं आजवर कधी बघितलंच नव्हतं. त्या सरळ त्याच्या डोळ्यांत बघत, इतर पोरांशी बोलत होत्या तितक्याच मायेनं म्हणाल्या:

"धर्मेंद्र, अजून भाकर घे रे बाबा. तीन दिवस उपाशी असल्यासारखा दिसतो."

त्याचा हात पानातच राहिला.

शेजारचा पोरगा चटणी मागत होता, निरंजन सर कुणाला तरी दुपारच्या कामाचं समजावत होते. आशाबाई पुढच्या पानाकडे गेल्या. आपण सकाळी काय बोललो, ते धर्मेंद्रला आत्ता ऐकू आलं. जवरोक तुमी आमचे जावई आहात, तवरोक. सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि त्यानं भर गावासमोर, सगळ्यांना ऐकू जाईल असं, आपण होऊन ते नातं तोडून टाकलं होतं. मागेल त्याला नाही म्हणायचं नाही, म्हणून त्यांनी नाही म्हटलं नव्हतं. आजूबाजूला त्यानं तृप्तीला शोधलं. ती वाढणाऱ्यांत नव्हती, जेवणाऱ्यांतही नव्हती.

तुकडी परत कामावर गेली तेव्हा ती आपल्या जागी येऊन उभी होती. मिक्सरमधून माल पडत होता, घमेली येत होती. ती त्याच्या हातात द्यायची, तो पुढं द्यायचा. पहिली काही घमेली तशीच गेली.

"तृप्ती, मी तसं म्हणालो नव्हतो," तो खाली बघत म्हणाला. "मला तसं म्हणायचं नव्हतं. मी तुला न्यायला आलोय."

तिनं घमेलं दिलं. त्यानं घेतलं, पुढं दिलं.

"हे बाबांना सांगायचं होतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, दमणूक होती. "तीन दिवस बाबा विचारत राह्यले. सगळं गाव विचारत राह्यलं. तुमी सगळ्यांकडे काम मागितलं."

"मला वाटलं, आधी तुझ्यासाठी काहीतरी करावं. भिकनबाबांनी सांगितलं मला, नाल्याचं. मला माहीत नव्हतं."

"विचारलं नाही, म्हणून माहीत नव्हतं."

घमेलं आलं. घमेलं गेलं. तिच्या बोटांना सिमेंटनं चिरा पडल्या होत्या. देताना त्याच्या बोटांना त्या लागत होत्या.

"मी आत्ता सांगतो मामांना. सगळ्यांसमोर सांगतो. काय म्हणायचं ते म्हणू देत." "सांगितलं तर येशील ना?"

दोन घमेली तशीच गेली.

"तुमची पिकअप आली त्या दिवशी तुमाला उतरताना बघितलं," ती म्हणाली, "अन् घरी पळत जाऊन पिशवी भरली. तीन दिवस ती दाराच्या मागं तयार होती. काल रात्री मी आईच्या मागं उभी होती."

"आता?"

"आता जेवायच्या सुटीत जाऊन रिकामी करून आले."

धर्मेंद्रचे हात थांबले. रांग थांबली. मागची बाई भरलेलं घमेलं धरून ताटकळली, तिच्या मागचा माणूस ताटकळला, आणि मिक्सरजवळून चुडामण पाटलांनी हाक दिली, की अरे, माल थांबवू नका, जोड पडेल. तृप्तीनं मागच्या बाईच्या हातातलं घमेलं घेतलं आणि त्याच्यापुढं धरलं. त्यानं ते घेतलं, आणि पुढच्या माणसाच्या हातात दिलं.